फिकार: राहणं, होणं, पडणं की बसणं?

तिरफळ
आमच्या लिस्बनच्या स्वयंपाकघरातलं सिंक पंधरा दिवस गळतंय. खाली आमटीचं पातेलं ठेवलंय, रात्री टप टप ऐकत झोपायचं. प्लंबर काल येणार होता, आला नाही. शेजारच्या आजी जिन्यात भेटल्या, त्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "फिको द वीर, नांव फोई?" म्हणजे, "येतो म्हणाला होता ना?"

आता गंमत बघा. या वाक्यात "म्हणाला" कुठेच नाही. "वीर" म्हणजे येणं. "फिको" हे फिकार या पोर्तुगीज क्रियापदाचं भूतकाळी रूप. आणि आमच्या वर्गात दिलेल्या कागदावर फिकारचा पहिला अर्थ आहे राहणं. म्हणजे प्लंबर "यायचा राहिला"? तसं तर खरंच झालंय म्हणा.

मी इथे तीन वर्षं आहे. नागरिकत्वासाठी लागते ती ए-टू पातळीची परीक्षा पास झाले, बाजारहाट पोर्तुगीजमधून करते. पण हे एक क्रियापद अजून हातातून निसटतं. वर्गात सगळं इंग्रजीतून शिकवतात, कारण वर्गात नेपाळी, बांगलादेशी, एक युक्रेनियन मुलगी आणि निवृत्त होऊन इथे आलेलं एक ब्रिटिश जोडपं. बाईंनी फळ्यावर इंग्रजीतले आठ अर्थ लिहिले: मुक्काम करणं, उरणं, बनणं, अमुक ठिकाणी असणं, स्वतःजवळ ठेवणं, शोभून दिसणं, अमुक किमतीला पडणं, कबूल करणं. ब्रिटिश आजोबांनी हताश होऊन वही मिटली. मीही मिटणार होते, पण घरी येऊन तीच वाक्यं मराठीत लिहून पाहिली आणि वेगळंच काही दिसलं. लिहिते खाली, तुम्ही सांगा मी वाहवत चाललेय का.

"फिकेई दुएन्त." मी आजारी पडले.
"क्वान्तु फीका?" कितीला पडतं?
"फीका लोंज." लांब पडतं.

तिन्हीकडे पडणं! इंग्रजीत या तिघांना तीन वेगळी क्रियापदं लागतात, आपल्याला एक पुरतं. मग पुढे:

"फिकार द पे." उभं राहणं.
"फिको ग्राविदा." तिला दिवस राहिले.
"फीक कों उ त्रोकु." सुटे राहू द्या.

इथे तिन्हीकडे राहणं. ते शेवटचं बघून मी हसलेच. ब्रिटिश आजोबा कॅफेत "मन्तेन्या उ त्रोकु" म्हणाले होते. इंग्रजीतल्या "ठेवा"चा शब्दशः अनुवाद. पोरगा बिचारा सुटे हातात घेऊन उभा, यांना नक्की काय टिकवून ठेवायचंय ते त्याला कळेना. आपल्या रिक्षावाल्याला आपण काय म्हणतो? "राहू द्या."

माझं म्हणणं इतकंच, की मराठी माणसाने हे क्रियापद इंग्रजीच्या दारातून शिकूच नये. बाकी तुम्ही बोला.

उंबरठा
छान धागा! पण मला एक खटकलं. "लांब पडतं" ठीक आहे. "तुमचं गाव कुठे पडतं" असंही काही जण म्हणतात, ते मात्र मला हिंदीवरून आलेलं वाटतं. आम्ही "गाव कुठे आलं" म्हणतो.

ज्वारीची_भाकरी
@उंबरठा, आमच्या सोलापूर भागात आजी बिनदिक्कत विचारायची, "कुठल्या तालुक्यात पडतं गाव?" तिचा हिंदीशी संबंध फक्त रेल्वेच्या घोषणांपुरता होता. "कुठं आलं" हेही म्हणतात. दोन्ही नांदतात.

तिरफळ
आणि "कुठं आलं"सुद्धा बघा ना. गाव कुठून येणार? आपण तरी इंग्रजीला काय हसायचं.

पण या जागेच्या अर्थाला इथे एक नियम आहे, तो सांगते. जे हलत नाही त्यालाच फिकार. स्टेशन, गल्ली, दवाखाना, गाव. "ओन्द फीका मार्तिम मोनिज?", म्हणजे मार्तिम मोनिज चौक कुठे आहे, हे चालतं. पण "माझा चष्मा कुठे आहे" याला फिकार लावायचं नाही, तिथे "श्तार" हे "असणं"चं दुसरं क्रियापद. गाडी रस्त्यावर उभी असेल तर "श्तार", रस्ता स्वतः मात्र "फिकार". मी सुरुवातीला "ओन्द फीका उ मेऊ मरीदु" असं विचारलं होतं, माझा नवरा कुठे आहे म्हणून. दुकानदार म्हणाला, तुमचा नवरा म्हणजे काय चर्च आहे?

कोकमसार
सोफ्यावरून उठत नसेल तर फिकार बरोबरच आहे.

तिरफळ
@कोकमसार, हे मी त्याला वाचून दाखवलं. तो उठला नाही.

खडूफळा
फ्रेंच शिकवतो, पोर्तुगीज जुजबी येतं, तरी व्युत्पत्तीपुरतं बोलतो. लॅटिनमध्ये "फिगेरे" म्हणजे रोवणं, खिळा ठोकून पक्कं करणं. त्याचं बोली लॅटिनमधलं "फिगिकारे" असं रूप अभ्यासक मानतात, त्यातून फिकार आलं. फ्रेंचमधलं "फिशे" त्याच घरातलं. कॅटलानमध्ये तर हुबेहूब "फिकार" आहे, पण तिथे अर्थ आत घालणं, खुपसणं. इंग्रजीतलं "फिक्स" याच मुळाचं, आणि ते आपण मराठीत रोज वापरतो.

म्हणजे मूळ चित्र खिळ्याचं आहे. काहीतरी हलत होतं, बदलत होतं, शेवटी एका जागी रुतलं. रुतल्यानंतरची अवस्था म्हणजे फिकार. ती जागेची असेल तर राहणं, प्रकृतीची असेल तर आजारी पडणं, हिशोबाची असेल तर वीस युरोला पडणं. तिरफळताई, तुमचा प्लंबरही यात बसतो. बोलणं झालं, ते "येण्या"वर येऊन ठरलं. आपणही "ठरणं" वापरतोच की. ठरणं म्हणजे स्थिर होणं.

तिरफळ
खडूफळा, _/\_ . "फीका कोंबिनादु" असं इथे सारखं म्हणतात, बोलणं ठरलं की. मी मनात त्याचं भाषांतर "फिक्स!" असं करत होते आणि स्वतःलाच टपोरी म्हणत होते. मूळच एक निघालं!

भटकभवानी
धागा वाचून माझं डोकं फिकं पडलंय. पण चालू द्या, फिकर नॉट.

तिरफळ
@भटकभवानी, "फिकर नॉट"ला इथे "फीका दश्कान्सादु" म्हणतात. शब्दशः "विसावलेला रहा". प्लंबर फोनवर मला हेच सांगतो. बाईला सांगायचं तर शेवटी "दा", तो मात्र मला "दु"च म्हणतो, घाईत असावा.

रानजाई
साओ पावलोहून हजेरी. तुमचं पोर्तुगालचं पोर्तुगीज वाचून मौज वाटते. आमच्याकडे स्वर एवढे गिळत नाहीत, सगळं तोंड उघडून बोलतात.

पण नवीन येणाऱ्यांना सावध करते, ब्राझीलमध्ये फिकारचा आणखी एक अर्थ आहे आणि तो तुमच्या कागदावर नाही. मी इथे आले त्या वर्षी लेक तापाने फणफणली होती, नवरा दौऱ्यावर. रात्र शेजारणीकडे काढली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, "ओन्तें फिकेई कोंउ मिन्या विझिन्या." काल मी शेजारणीबरोबर राहिले. टेबलाभोवती शांतता. मग एकाने कॉफी नाकातून काढली.

इथे तरुण पोरं "फलाण्यासोबत फिकार" म्हणतात तेव्हा अर्थ असा, की पार्टीत भेटले, चुंबनं झाली, कदाचित पुढचंही, पण बांधिलकी काही नाही. बांधिलकी असेल तर "नमोरार". आणि ज्याच्याबरोबर हे चाललंय तो "फिकांची". मला म्हणायला हवं होतं "फिकेई ना काझा दा मिन्या विझिन्या", शेजारणीच्या घरी राहिले. एका "घराने" किती अब्रू वाचते बघा.

कोकमसार
म्हणजे मुंबईच्या कॉलेजात "सोबत फिरतात" म्हणायचे तसं?

रानजाई
@कोकमसार, फिरण्यातही सातत्य असतं हो. हे त्याहून हलकं. आणि गंमत अशी, की खिळा ठोकणाऱ्या क्रियापदाने ब्राझीलमध्ये सगळ्यात न टिकणारं नातं दाखवलंय. खडूफळा सर, यावर काय म्हणणं?

खडूफळा
पास.

ज्वारीची_भाकरी
एक शंका. "बघत राहिला" आणि "बघत बसला" यात मराठीत फरक आहे. दुसऱ्यात थोडा वैताग आहे, वेळ वाया घालवल्याचा. पोर्तुगीजमध्ये हा फरक होतो का?

रानजाई
फिकार दोन्ही करतं, सुरावर ठरतं. ब्राझीलमध्ये "एला फीका फलांदु" म्हणजे ती आपली बोलत बसते. बहुतेक वेळा वैतागच असतो. पोर्तुगालला तेच "फीका आ फलार" होईल. आमच्याकडे शेवटी "न्दु" लावून चालू क्रिया दाखवतात, तिकडे मध्ये "आ" घालतात.

तिरफळ
बसण्यावरून आठवलं. पोर्तुगालमध्ये "नांव स फिको" असं म्हणतात. कुणी अपमान केला आणि समोरच्याने सोडलं नाही, उलट उत्तर दिलं. शब्दशः "तो राहिला नाही". मराठीत काय? "तोही गप्प बसला नाही." परत बसणं!

आणि कपडे. मार्तिम मोनिजच्या मागच्या गल्ल्यांत आपल्या लोकांची दुकानं आहेत, पण कोट घ्यायला मी बायशाच्या बाजूला गेले होते. खोलीतून बाहेर आले तर विक्रेतीण हात जोडून म्हणाली, "फीका-ल्य तांव बेंय!" तुम्हाला इतका छान बसतो! मापाला बसणं आणि शोभणं दोन्ही त्यात आलं. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या ते सोडा. मग मी ऐटीत म्हटलं, "फीकु कों एश्त." हा घेते. दुकानात "घेणं"ही फिकार, बरं का. हा माझ्याजवळ राहू दे.

पणजीकर_सासष्टीचो
बरें बरयलां! मी मूळ गोव्याचा, मराठी शाळेत शिकलो म्हणून मराठीत लिहितो. आमच्याकडे 1961 पूर्वी जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळतं. माझंही तसंच झालं. पासपोर्ट आला, भाषा आली नाही. आजोबा लिसेंवांत, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत शिकलेले, ते घरात पोर्तुगीज फक्त रागावताना वापरायचे. त्यामुळे मला फिकारचं एकच रूप पाठ होतं: "फीका आई!" म्हणजे "थंयच राव!" हलू नको तिथून.

कोंकणीत राहणं आणि थांबणं दोन्हीला रावप. त्यामुळे मला फिकार कधी परकं वाटलं नाही. फक्त पाठीत धपाटा आठवतो.

आजोळ_रेवदंडा
या निमित्ताने सांगते. रायगड जिल्ह्यातच, आमच्या आजोळाजवळ कोर्लई गावात ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजवरून तयार झालेली बोली अजून घराघरांत बोलतात. ते तिला "नो लिंग" म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शब्द पोर्तुगीजचे, पण वाक्याची ठेवण मराठीची. क्रियापद आपल्यासारखं शेवटी. लहानपणी कोळणींच्या मागे उभी राहून ऐकायचे. चाल ओळखीची, शब्द नाहीत, म्हणजे आपलंच गाणं कुणी दुसऱ्या शब्दांत म्हणतंय असं वाटायचं.

भटकभवानी
मग मराठीने फिकार का नाही उचललं? पाव, बटाटा, चावी, घमेलं, सगळं उचललं.

खडूफळा
वस्तू उचलायला सोप्या, क्रियापद नाही. वस्तूबरोबर तिचं नाव येतं. राहायला, पडायला, बसायला आपल्याकडे आधीच माणसं होती. तरी एक बघा, "पगार" हा पोर्तुगीजमधल्या "पागार" या देण्याच्या क्रियापदाशी जोडतात. म्हणजे क्रियापद आलं, पण महिन्याच्या शेवटी हातात पडणारं नाम होऊन.

उंबरठा
"आजारी झाले" असं मराठीतही काही जण म्हणतात. मग "बनणं, होणं" हे सगळंच फिकारने होतं का? "डॉक्टर झाला" वगैरे?

तिरफळ
नाही! बरं झालं विचारलंत, इथे माझं पडणं-राहणं थोडं कोसळतं. कायमचा बदल, हुद्दा, पेशा, धर्म, तिथे "तुर्नार-स". डॉक्टर झाला, मंत्री झाला, याला फिकार लावलं तर कानाला खुपतं. फिकार अवस्थेला. दुःखी, लाल, ओला, श्रीमंत, म्हातारा, एकटा. काहीतरी घडलं आणि त्यामुळे असा झाला.

इंग्रजीवाल्यांची उलट चूक होते. त्यांना एकच "होणं" माहीत, म्हणून ते सगळीकडे "तुर्नार-स" लावतात. ब्रिटिश आजी वर्गात "तुर्नेई-म दुएन्त" म्हणाल्या. व्याकरणात चूक नाही, पण ऐकणाऱ्याला वाटतं बाईंनी आजारीपण हा धंदाच पत्करला.

आणि "श्तार"शी फरकही तिथेच. "श्तो त्रीश्त", मी उदास आहे. "फिकेई त्रीश्त", मला वाईट वाटलं, म्हणजे तुम्ही काहीतरी बोललात म्हणून. भांडणात हा फरक फार कामाला येतो.

बखरवाचक
इतिहासातला एक फिकार राहिलाच की. याच क्रियापदाच्या एका शब्दाने एक दिवस साजरा झालाय.

1807 च्या नोव्हेंबरात नेपोलियनची फौज लिस्बनच्या दाराशी आली तेव्हा पोर्तुगालचा दरबार जहाजांवर चढून ब्राझीलला निघाला. 29 नोव्हेंबरला ताफा सुटला, 30 ला जनरल जुनो शहरात शिरला. पुढे राजा सहावा जुआंव 1821 मध्ये परत लिस्बनला गेला, पण मुलगा पेद्रू याला रिओत ठेवून. लिस्बनच्या संसदेला हे खुपत होतं. ब्राझीलला पुन्हा वसाहतीच्या पायरीवर आणायचं होतं, म्हणून पेद्रूला परत यायचा हुकूम गेला. रिओत सुमारे 8,000 सह्यांचा अर्ज तयार झाला. 9 जानेवारी 1822 ला तो पेद्रूपुढे ठेवला, तेव्हा तो म्हणाला ते वाक्य तिथल्या शाळकरी पोरांना पाठ असतं. सर्वांच्या भल्यासाठी आणि राष्ट्राच्या सुखासाठी असेल तर मी तयार आहे, आणि शेवटी, "लोकांना सांगा, फीकु." राहतोय.

तो दिवस "दिया दु फीकु". क्रियापदाचं पहिल्या पुरुषाचं रूप थेट नाम झालं. त्याच वर्षी 7 सप्टेंबरला ब्राझील स्वतंत्र.

रानजाई
फक्त आम्ही "जिया दु फीकु" म्हणतो. आमच्या लेकीच्या शाळेत यावर नाटुकलं होतं. पेद्रू झालेला मुलगा "फीकु" म्हणाला आणि मागच्या बाकावरची मोठी पोरं फिस्कारली. का, ते वर लिहिलंय.

तिरफळ
बखरवाचक, क्या बात! पोर्तुगीजमध्ये "हो" फारसं म्हणतच नाहीत, क्रियापदच परत म्हणतात. "फीकश?" "फीकु." आपल्यासारखंच की. "राहणार का?" "राहणार." पेद्रूने होकार तेवढाच दिला असेल.

आणि जहाजांवरून तुम्हाला इथला एक वाक्प्रचार देते. "फिकार आ वेर नवीउश." जहाजं बघत बसणं. म्हणजे हात चोळत बसणं, हाती काही न लागणं. काही लोक त्याचा संबंध तुमच्या जुनोशी लावतात: तो आला तेव्हा दरबार समुद्रात. काही जण मागे राजा सबाश्तियांवकडे नेतात. तो 1578 मध्ये मोरोक्कोत लढाईत गेला, वय फक्त 24, आणि लोक सांता कातारीनाच्या टेकडीवरून त्याच्या जहाजाची वाट बघत बसायचे म्हणे. दोन्ही गोष्टी लोकांनी मागून जोडल्या असाव्यात, पण टेकडी खरी आहे. आता तिथे संध्याकाळी लोक बियर घेऊन बसतात आणि तेजू नदीतली जहाजं खरोखरच बघत बसतात.

आजोळ_रेवदंडा
ताई, लग्नाबाबत काही नाही का? आपल्याकडे "तिचं लग्न राहिलं" म्हणतात.

तिरफळ
आहे ना, आणि फार वाईट आहे. "फिकार पारा तिया." मावशी-आत्या व्हायला राहणं. लग्न न झालेली बाई भावंडांच्या पोरांची मावशी म्हणून उरते, असं. पुरुषाला काका व्हायला राहिला असं कुणी म्हणताना मी तरी ऐकलं नाही. आमच्या जिन्यातल्या आजी अविवाहित आहेत, 80 पार. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, मी नाही राहिले, बाकीचे सगळे गेले.

उंबरठा
या आजींवर वेगळा धागा काढा!

ज्वारीची_भाकरी
+१. आणि लाइट जाण्याला काय? आपल्याकडे लाइट "जाते".

तिरफळ
लाइट गेली तर तिकडे माणूस राहतो. "फिकामुश सेंय लूश." आम्ही दिव्याविना राहिलो. 2025 मध्ये 28 एप्रिलला जवळपास अख्ख्या पोर्तुगाल आणि स्पेनची वीज एकदम गेली तेव्हा दिवसभर हेच ऐकलं. मेट्रो बंद, सिग्नल बंद, फोनचं नेटवर्क गेलं. किराणा दुकानासमोर बॅटऱ्या आणि पाण्यासाठी रांग, आणि रांगेत प्रत्येक जण काय-काय-विना राहिला ते सांगतोय: पाण्याविना, पैशाविना, ट्रेनविना. मी कणीक मळून चपात्या केल्या, आमचा गॅस सिलिंडरचा. शेजारच्या आजींना दोन दिल्या. त्या म्हणाल्या वीज यायच्या आत खाऊन टाकते, नंतर कोण कुणाला विचारतंय.

कोकमसार
प्लंबरचं काय झालं ते सांगा आधी.

तिरफळ
चार दिवसांनी धागा वर काढतेय. आला एकदाचा! पिशवी टेकवत म्हणाला, मी मंगळवारी येणार होतो ना. म्हटलं हो, फिको द वीर. तो मनापासून हसला, म्हणाला बाई, तुमचं पोर्तुगीज चांगलं झालंय.

साठ युरोला पडलं. आणि मोरीतला नळ राहिला. त्यासाठी गुरुवारी येतो म्हणालाय.